सिंगापूर किती लांब?

(सदर : तुम्ही विचारा, आम्ही सांगतो)



आपल्या समाजाची मुले आता कोठेकोठे पोचली आहेत! पूर्वी "मुलगा कोठे असतो?" म्हणून विचारले तर लोद, रामले, अश्दोद, दिमोना, बेरशेवा एवढ्यातच उत्तर सापडायचे. आता त्या यादीत न्यूयॉर्क, टोरांटो, सिडनी आणि सिंगापूर येऊन बसली आहेत. म्हणून ज्येष्ठ वाचक आम्हांला विचारतात, "सिंगापूर किती लांब हो? आणि जायला वेळ किती लागतो?"

हे दोन प्रश्न आपण एका दमात विचारतो, जणू एकच प्रश्न आहे. पण तसे नाही. अंतर परमेश्वराने पृथ्वी घडवली तेव्हाच ठरले, ते कोणाला कमीजास्त करता येत नाही. वेळ मात्र वाऱ्यावर, इंधनावर आणि वाटेतल्या देशांच्या मर्जीवर ठरतो. तो बदलतो, आणि कधीकधी त्या बदलाची किंमत मोठी असते. आज ह्याच दोन गोष्टींविषयी लिहीत आहोत. आजी-आजोबांनी हा लेख नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवावा. त्यांच्यासाठीही त्यात काम ठेवले आहे.

दोरा घ्या, पृथ्वीचा गोल घ्या

मुलांनो, भिंतीवरचा नकाशा आज बाजूला ठेवा. नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी गोल, म्हणून नकाशावरची सरळ रेघ नेहमी खरी नसते. घरात किंवा शाळेत पृथ्वीचा गोल असेल तो घ्या, आणि सावताच्या शिवणाच्या डब्यातला एक दोरा मागून घ्या. दोऱ्याचे एक टोक सिंगापूरवर धरा. सिंगापूर सापडत नसेल तर मलाया द्वीपकल्पाच्या अगदी खालच्या टोकाला बघा, विषुववृत्ताच्या जराशी वर एक टिंब दिसेल. एवढेसे ते बेट, आपल्या बृहन्मुंबईपेक्षा थोडेच मोठे. आता दुसरे टोक तेल अवीवला नेऊन दोरा घट्ट ताणा. ही झाली सर्वात जवळची वाट. तिची लांबी साधारण ८,००० किलोमीटर भरते.

आता नीट बघा, दोरा कोठून जातो? बंगालचा उपसागर ओलांडून भारतात शिरतो, दख्खनवरून तिरपा वर चढतो, आणि मुंबईला उजवीकडून जवळजवळ घासून, शंभर किलोमीटरच्या आतून, अरबी समुद्रावर निघतो! सिंगापूर ते मुंबई सुमारे ३,९०० किलोमीटर, मुंबई ते तेल अवीव सुमारे ४,०५०. म्हणजे आपली मुंबई ह्या वाटेच्या जवळपास मध्यावर बसली आहे. आमचा स्वतःचा हिशेब आधी आम्हांलाच खरा वाटेना, म्हणून पुन्हा करून पाहिला. तेवढाच आला. सिंगापूरला गेलेले आपले मूल इकडे यायला निघाले की त्याच्या डाव्या हाताला मुंबई, पनवेल आणि अलिबाग, म्हणजे आपल्या बापजाद्यांचा सारा मुलूख लागतो. निदान दोऱ्यावर तरी लागतो. खरे विमान दोऱ्यावरून जातेच असे नाही, ते पुढे येईलच.

आता तोच दोरा सिंगापूरहून न्यूयॉर्कला ताणा. मुले सहसा दोरा आडवा, प्रशांत महासागरावरून नेतात. पण सर्वात आखूड वाट सरळ वर उत्तर ध्रुवाकडे जाते आणि पलीकडे खाली उतरते. कारण सिंगापूर १०४ अंश पूर्वेला आणि न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला आहे. दोन्हींची बेरीज १७८. अर्धा गोल म्हणजे १८० अंश. तेव्हा ही दोन शहरे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या फाकांवर आहेत, आणि संत्र्याच्या एका फाकेवरून समोरच्या फाकेवर जायची जवळची वाट देठावरूनच जाते.

हे अंतर तुम्हांला वहीतच काढता येईल. सिंगापूरपासून ध्रुवापर्यंत ८८.६ अंश, ध्रुवापासून न्यूयॉर्कपर्यंत ४९.४ अंश, मिळून १३८. एका अंशाला १११ किलोमीटर धरा. १३८ गुणिले १११ बरोबर १५,३१८. विमान कंपन्यांचा आकडा आहे १५,३४९. आपण केवळ तीस-एकतीस किलोमीटर चुकलो. शाबास!

दुप्पट लांब, पण वेळ सारखाच

सिंगापूर ते न्यूयॉर्क हा आजच्या घडीला न थांबता जाणाऱ्या नेहमीच्या प्रवासी विमानांचा जगातला सर्वात लांब प्रवास आहे. साडेअठरा तासांच्या आसपास विमान हवेतच असते. ही कथा सुरू झाली २८ जून २००४ रोजी. सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कला थेट विमान सुरू केले. चार इंजिनांचे एअरबस ए-३४० जातीचे ते विमान इंधन फार पिई. तेलाचे भाव वाढले, हिशेब जमेना, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सेवा बंद पडली. मग दोन इंजिनांचे, कमी इंधनात जास्त लांब जाणारे ए-३५० आले, आणि ११ ऑक्टोबर २०१८ पासून ती पुन्हा सुरू झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन कोविडच्या दिवसांत, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळालाही थेट विमान जाऊ लागले.

ह्या विमानाच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावते. २०१८ साली त्यात माणसांसाठी आसने किती होती? फक्त १६१. असे का? माथेरान चढताना जो दिवसभराचे पाणी पाठीवर घेतो, त्याची अर्धी शक्ती ते पाणी वाहण्यातच जाते. विमानाचेही तसेच. शेवटच्या तासाचे इंधन पहिल्या तासापासून वाहावे लागते, आणि ते वाहायलाही इंधन लागते. म्हणून माणसे कमी आणि तिकीट महाग.

आता गंमत बघा. न्यूयॉर्क सिंगापूरपासून तेल अवीवच्या जवळजवळ दुप्पट लांब आहे. पण सिंगापूरहून तेल अवीवला येणारे बहुतेक लोक बँकॉक, दुबई किंवा दुसरीकडे कोठे विमान बदलतात. आधी पहिले विमान, मग विमानतळावर बसणे, मग दुसरे विमान. चौदा-पंधरा तासांत पोचला तर नशीबवान. अठरा-वीस तासही सहज लागतात. म्हणजे अर्ध्या अंतराला तेवढाच वेळ! सरळ रेघेत, न थांबता विमान गेले तर हीच वाट नऊ-दहा तासांची आहे.

वारा आणि परवानगी

वेळ कोण ठरवतो म्हणाल, तर पहिला वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. ताशी दोनशे किलोमीटरचा वेग त्यांना काही विशेष नाही. वारा पाठीशी असला की विमान लवकर पोचते, तोंडावर आला की रखडते. म्हणून सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारे विमान ध्रुवाची जवळची वाट सोडून सहसा प्रशांत महासागरावरून पूर्वेकडे जाते. किलोमीटर जास्त पडतात, पण वेळ आणि इंधन वाचते. परत येताना पुष्कळदा ते अटलांटिक आणि युरोपवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच येते. जाताना पूर्वेला आणि येतानाही पूर्वेला, पृथ्वीला पुरी प्रदक्षिणा!

आपल्या कोकणच्या माणसाला हे नवीन सांगायला नको. गलबते वाऱ्याच्या हिशेबानेच हाकारली जात, आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवीत. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर लागले, गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तीही वाऱ्याचीच कथा.

दुसरी गोष्ट परवानगी. प्रत्येक देशाचे आकाश त्याचे स्वतःचे असते. दुसऱ्याच्या अंगणातून जायचे तर विचारून जावे लागते. मुंबईहून तेल अवीवला सरळ यायचे म्हणजे ओमान, सौदी अरेबिया आणि जॉर्डनवरून यायला हवे. पण कित्येक वर्षे इस्रायलच्या विमानांना ती वाट बंद होती. मग विमान येमेनला वळसा घालून, तांबड्या समुद्रावरून उभेच्या उभे वर येई. दोऱ्याने मोजून बघा, किमान दीड हजार किलोमीटर जास्त पडतात. पाच-सहा तासांच्या प्रवासाला आठ तास लागत.

२२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान सौदी अरेबियाच्या आकाशातून तेल अवीवला उतरले. सत्तर वर्षांत असे पहिल्यांदाच घडले. एल अल कंपनीच्या विमानांना मात्र तेव्हा ती मुभा नव्हती. जुलै २०२२ मध्ये सौदीने आपले आकाश सर्व कंपन्यांना खुले केले. पण ओमान मध्येच आडवा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने होकार दिला, आणि त्याच महिन्यात एल अलचे बँकॉकला जाणारे विमान ह्या नव्या वाटेने गेले. पृथ्वी होती तेवढीच राहिली, अंतर एका इंचाने कमी झाले नाही. एका कागदावर सही झाली आणि प्रवासातले दोन तास गळून पडले.

उलटेही होते. जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध पेटले तेव्हा बेन गुरियन विमानतळच बंद झाला आणि हजारो माणसे परदेशात अडकली. तेव्हा मुंबई जवळ की सिंगापूर जवळ, ह्याला काही अर्थच उरला नाही.

दोन भाऊ

दोन तासांनी काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, त्याची जरूरही नाही.

ओमानची वाट उघडण्याच्या आधीचा एक हिवाळा. दक्षिणेकडच्या एका गावी एक वृद्ध आई गुरुवारी रात्री दोन वाजता देवाघरी गेली. थोरला मुलगा न्यूयॉर्कला, धाकटा सिंगापूरला. आपल्यात मृताला ठेवून घेत नाहीत, शक्यतो त्याच दिवशी माती देतात. यरुशलायममध्ये तर रात्रभरही ठेवीत नाहीत. पण जवळची माणसे पोचावीत म्हणून, मृताच्या सन्मानासाठी, थोडे थांबण्यास धर्माची ना नाही. प्रश्न होता किती थांबायचे. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागणार. शुक्रवारी दुपारच्या आत झाले नाही तर थेट रविवार.

न्यूयॉर्क तेल अवीवपासून ९,१०० किलोमीटर, म्हणजे सिंगापूरपेक्षा लांबच. पण तेथे तेव्हा बुधवारची संध्याकाळचे सात वाजले होते. थोरल्याला मध्यरात्रीचे थेट विमान मिळाले, पाठीशी वारा होता, आणि गुरुवारी संध्याकाळी तो घरी आला. सिंगापूरला मात्र गुरुवारची सकाळचे आठ. सीट मिळता मिळता संध्याकाळचे विमान मिळाले. मग बँकॉकला उतरणे, तेथे तीन तास बसणे, आणि पुढे येमेनचा वळसा घालून साडेअकरा तास. जवळचा भाऊ मागे आणि लांबचा पुढे!

त्या रात्री घरात झोपले कोणीच नाही. मोठी बहीण म्हणत होती, "थांबू या, आईचा धाकटा आहे." मामा म्हणत होते, "विमान चुकले तर? दोन दिवस तिला तसेच ठेवायचे?" दोघांचेही खरे होते. शेवटी हखामांना विचारून शुक्रवारी सकाळी साडेनऊची वेळ ठरली. आला तर आला, नाही तर नाही.

सहा वाजता विमान उतरले. धाकटा सामानासाठी थांबलाच नाही. हातातली पिशवी घेऊन शेरूतमध्ये बसला आणि नऊ वाजता दारात उभा राहिला. आपल्या हाताने आईवर माती टाकली. थोरल्याबरोबर उभा राहून कद्दीश म्हटला.

आम्ही रुग्णालयात इतकी वर्षे काढली, मरण पुष्कळ पाहिले. पण त्या दिवशी आम्हांला मामांचे बोलणे आठवत राहिले. विमान दोन तास उशिरा आले असते तर? घरातल्या एकानेही आईला कधी विचारले नव्हते की तुझ्यासाठी थांबायचे की नाही. विचारले असते तर निदान ती रात्र भांडणात गेली नसती.

म्हणून ज्येष्ठ मंडळींनो, आम्ही स्पष्टच सांगतो. मुले लांब असतील तर ही गोष्ट आजच बोलून ठेवा. "माझ्यासाठी थांबू नका, सात दिवसांत या" म्हणा, किंवा "अमुक आल्याशिवाय नेऊ नका" म्हणा. काय म्हणायचे ते तुमचे तुम्ही ठरवा, पण म्हणा. बोलल्याने मरण जवळ येत नाही. मुलांच्या पारपत्राची मुदत संपली नाही ना, हेही विचारत जा. सिंगापूरला जायचे तर पारपत्राची निदान सहा महिने मुदत उरलेली लागते.

तुम्ही जाणार असाल तर

सुखाच्या प्रवासाचे बोलू. नातवंडांना भेटायला पुष्कळ जण जातात, त्यांच्यासाठी नर्सच्या चार गोष्टी.

पहिली गोष्ट पायांची. तासन्‌तास बसून राहिले की पोटरीच्या शिरांत रक्त साचते आणि कधी गाठ धरते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले की चार तास किंवा अधिक प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरू नका. दुप्पट झाला तरी सुमारे सहा हजार प्रवाशांत एकाला, एवढाच तो आहे. पण ज्यांना पूर्वी अशी गाठ झाली आहे, नुकतेच ऑपरेशन झाले आहे किंवा कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. बाकीच्यांनी दर तासाला उठून दोन फेऱ्या माराव्यात. बसल्या बसल्या पाऊल वर-खाली करावे, शिवणयंत्राचा पाय चालवतो तसे. घट्ट मोजे किंवा ॲस्पिरिन मनाने घेऊ नये. आणि परतल्यावर काही दिवसांनी जरी एकच पोटरी सुजली, दुखली, किंवा दम लागला, छातीत दुखले, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट हवेची. विमानातली हवा आपण डोंगरावर बसल्यासारखी विरळ असते. ए-३५० मध्ये ती सुमारे १,८०० मीटर उंचीइतकी असते, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही वर. निरोगी माणसाला काही होत नाही. दमा किंवा हृदयाचा विकार असेल त्याने आधी विचारावे. हवा कोरडी असते, म्हणून थोडे थोडे पाणी पीत राहावे. संडासला जावे लागेल म्हणून पाणी टाळू नका. उठणे झाले तर चांगलेच.

तिसरी औषधांची. रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत कधीही नाही. इन्शुलिन तर मुळीच नाही. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. झोपेच्या आणि तीव्र वेदनांच्या काही गोळ्या सिंगापूरला न्यायच्या तर तेथील सरकारची आधी परवानगी लागते, तेव्हा विचारून घ्या. इस्रायलहून पूर्वेला जाताना दिवस लहान होतो, येताना मोठा होतो. इन्शुलिन केव्हा घ्यायचे ते डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या.

चौथी पोटाची. तिकीट काढतानाच कोशर जेवण सांगून ठेवा. तेथे पोचल्यावर चिंता नाही. वॉटरलू स्ट्रीटवर १८७८ सालचे मघेन अबोथ सिनेगॉग आहे, आणि १९०५ सालचे खेसेद-एल. दोन्ही बगदादी बांधवांनी उभारलेली, मुंबईतल्या ससून मंडळींच्याच धाटणीची. त्याच समाजातले डेव्हिड मार्शल १९५५ साली सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले. मराठी ऐकावीशी वाटली तर तेथे महाराष्ट्र मंडळही आहे.

आणि मुलांनो, कान दुखू नयेत म्हणून विमानात च्युइंगम चघळत असाल, तर सिंगापूरला जाताना ते नेऊ नका. तेथे १९९२ पासून त्याला बंदी आहे. त्यापेक्षा लिमलेटची गोळी चोखा.

फोन केव्हा करावा?

सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सहा तास पुढे असते. मुंबईपेक्षा अडीच तास पुढे. १९८२ च्या आधी हा मुंबईचा फरक दोनच तासांचा होता. त्या वर्षी १ जानेवारीला सिंगापूरने आपले घड्याळ अर्धा तास पुढे ढकलले. विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे सूर्य बारा महिने साधारण सातच्या सुमारास मावळतो, म्हणून शब्बाथचे दिवे लावण्याची वेळ वर्षभरात फारशी हलत नाही. आपला शब्बाथ सुटतो तेव्हा मुलांकडे मध्यरात्र होत आलेली असते. तेव्हा फोन करून "अरे, झोपलास का?" असे विचारू नका. रविवारी सकाळी आठला करा. त्यांच्याकडे दुपारचे एक किंवा दोन वाजलेले असतील, आणि सुट्टीचा दिवस.

छोट्यांसाठी कोडे

एक. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ सिंगापूरच्या १२ तास मागे असते. एक बाई सिंगापूरहून गुरुवारी दुपारी १२ वाजता निघाल्या. प्रवास १८ तासांचा. न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा तेथे कोणता वार आणि किती वाजले?

दोन. त्याच बाई परतताना न्यूयॉर्कहून गुरुवारी रात्री १० वाजता निघाल्या. प्रवास साडेअठरा तासांचा. सिंगापूरला कोणत्या वारी, किती वाजता उतरल्या? आणि ह्यात आपल्या दृष्टीने चूक काय झाली?

आधी वहीत मांडून बघा, मगच पुढे वाचा.

पहिल्याचे उत्तर : गुरुवारीच, संध्याकाळी सहा वाजता. अठरा तास प्रवास झाला, पण घड्याळ सहाच तास पुढे गेले. दुसऱ्याचे उत्तर : शनिवारी पहाटे साडेचार वाजता. अख्खा शुक्रवार हवेत संपला आणि शब्बाथही विमानातच लागला. तेव्हा न्यूयॉर्कहून सिंगापूरला जायचे तर गुरुवारी रात्रीचे विमान घेऊ नये, बुधवारीच निघावे.

ज्यांची दोन्ही उत्तरे बरोबर आली त्यांना आजीकडून एक चिक्कीचा तुकडा. आजीने आमचे नाव सांगावे.

पुढच्या अंकी उन्हाळ्यातल्या खाण्यापिण्याविषयी लिहू. तोपर्यंत पायांना हालचाल द्या, मुलांशी बोला, आणि प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून तेफिलात हादेरेख म्हणा. परमेश्वर सर्वांना सुखरूप नेवो आणि सुखरूप आणो.

शालोम.